उपकेंद्रातलं डोहाळजेवण

सरकारी कामावर आणि त्याच्या खर्चावर लोकांनी लक्ष कसं ठेवायचं, हे मी शिकवते. हेच माझं पोटापाण्याचं काम आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "आणि ते ऐकतात?" उल्हासनगरला आमच्या बिल्डिंगखाली साड्यांचं दुकान असलेले सिंधी शेठ तर मला सरळ 'इन्स्पेक्टर दीदी' म्हणतात. मी रोज चिडते आणि ते रोज म्हणतात. चिडणं हा माझा स्वभावच आहे. शांत, समंजस माणसाने या कामात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शांत माणसाला कोरडा नळ बघून काहीच होत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमचे रविवारचे वर्ग कुळगावातल्या एका शाळेत भरत होते. उल्हासनगरहून रेशनची दुकानं पाहणाऱ्या बायका यायच्या, अंबरनाथहून पालिकेच्या शाळांच्या मागे लागलेले पालक यायचे, आणि बारवीच्या रस्त्याला आत असलेल्या एका पाड्यावरून महिला मंडळ यायचं. भात लावणाऱ्या, रानातून लाकूडफाटा आणणाऱ्या, मोलमजुरीला जाणाऱ्या बायका. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायच्या आणि दर वाक्याला मला अडवायच्या. मी खूश. मुकाट्याने माना डोलावणारा वर्ग मला आवडत नाही.

मंडळाची अध्यक्षा साठीच्या आसपासची होती. सगळ्या जणी तिला मावशी म्हणायच्या, मीही म्हणायला लागले. तिला माझ्या वर्गातल्या बाकीच्या गोष्टींशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच खोली होती. पाड्याजवळच्या आरोग्य उपकेंद्राला मागच्या बाजूने नवी प्रसूतीची खोली बांधली होती. फीत कापली गेली, फोटो निघाले आणि त्याच दिवशी दाराला कुलूप लागलं ते लागलंच. मावशीची थोरली सून बाळंतपणासाठी उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात निघाली आणि मुलगी रस्त्यातच झाली, रिक्षात. दोघी वाचल्या हे नशीब. आता धाकट्या सुनेला सातवा लागला होता. तिचं हे पहिलंच. तिचं माहेर देशावर लांब आणि आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासूच्याच गळ्यात होतं.

"ही रस्त्यात नाय होणार," मावशीने पहिल्याच रविवारी मला बजावलं. "तुमी काय शिकवायचं ते शिकवा."

तर मी शिकवलं. इमारतीवरचा फलक वाचायचा, त्यात काय काय केलंय म्हणून लिहिलंय ते बघायचं आणि मग ते खरंच आहे का ते आपल्या डोळ्यांनी तपासायचं. नळ फिरवून बघायचा, दिवा लावून बघायचा. कोणी अडवलं तर भांडायचं नाही, पुन्हा विचारायचं. आणि जाण्याआधी कळवायचं, कारण आपण धाड घालायला जात नाही, हक्काने जातोय. या शेवटच्या नियमाचा मला भारी अभिमान होता. आमच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या भेटीला गट एकटाच जातो, मी जात नाही. मी घरी बसून फोनची वाट बघत होते. परीक्षेला मुलांना पाठवून बाहेर बसलेल्या आईसारखी मी घरभर फिरत होते.

पुढच्या रविवारी सगळ्या जणी हसत वर्गात आल्या आणि प्रत्येकीने माझ्या टेबलावर ओल्या खोबऱ्याची एक एक वडी ठेवली. मी विचारलं, हे काय? तेव्हा कळलं ते असं.

उपकेंद्रातल्या सिस्टर हेंद्रेपाड्याहून रोज स्कूटीने यायच्या. मंडळ येणार हे कळल्यावर त्यांनी दारात रांगोळी काढली, चहा ठेवला. त्यांच्या वरचे डॉक्टरसाहेब मोठ्या केंद्रातून मुद्दाम आले. त्यांनी मावशीला शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. मग सिस्टरने एकेकीला पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. सुनेची ओटी तर डोळ्यांत पाणी आणून भरली म्हणे. आणि मग आमचं शूर मंडळ भरल्या ओटीने घरी परत आलं. मागच्या खोलीचं नाव कोणी काढलं नाही. नळ फिरवला नाही, दिवा लावला नाही, फलकाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

त्याच नारळांच्या वड्या माझ्या टेबलावर होत्या. मी अशी काही भडकले की अंबरनाथची मंडळी उठून दाराजवळ जाऊन उभी राहिली.

"मॅडम, खण-नारळ घेतला ना आमी," मावशी शांतपणे म्हणाली. "आता त्या घरचं वाईट कसं बोलायचं?"

मी म्हटलं, अहो ते घर नाही, सरकारी उपकेंद्र आहे. तर म्हणते कशी, ओटी भरली म्हणजे घरच झालं. बाकीच्या जणींनी माना डोलावल्या. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत लाच द्यायला आलेल्या माणसाशी कसं वागायचं ते आहे, धमकी देणाऱ्याशी कसं वागायचं तेही आहे. मायेने ओटी भरणाऱ्या बाईचं काय करायचं, हे त्यात कोणी लिहिलेलं नाही. आणि ती लाच नव्हतीच, हेच तर त्रासाचं होतं. सिस्टरला खरोखर आनंद झाला होता. तिच्याकडे आजवर औषध मागायला आणि तक्रार करायला माणसं आली होती, पाहुणं म्हणून कोणी आलं नव्हतं.

मी रागाने वडी खाल्ली. चांगली झाली होती, हे मान्य करायलाच हवं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी शहाड स्टेशनबाहेर भाजी घेत होते, तेव्हा मावशीचा फोन आला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते. "मॅडम, मी इचार केला," ती म्हणाली, आणि मला वाटलं, झालं, मंडळाने काम सोडलं.

"सिस्टरने माझ्या सुनेची ओटी भरली. पोटुशी बाईची ओटी. तिला आई नाय. मंग तिचं माहेर कुठलं? जिथं ओटी भरली तेच ना? आणि पयलं बाळंतपण कुठं होतं? माहेरी. मंग आता त्यांनी नाय कसं बोलायचं?"

मी मेथीची जुडी खाली ठेवली. मी जे इतके रविवार घसा कोरडा करून शिकवत होते, की हक्क म्हणजे काय आणि तो मागायचा कसा, ते या बाईने आपल्या भाषेत आणून माझ्यासमोर उभं केलं होतं. आणि तिचं अजून संपलं नव्हतं. डोहाळजेवण घालायचं ठरलं होतं, पाड्यावर नाही, माहेरी. मागच्या खोलीतच. साहेबांना आमंत्रण, सरपंचांना आमंत्रण, पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरलाही आमंत्रण. मी तिथेच भाजीवाल्यासमोर मोठ्याने हसले. त्याने विचारलं, "क्या हुआ ताई, लॉटरी लगी क्या?" मी हो म्हटलं.

तपासणीला कोणी नाही म्हणू शकतं. वेळ नाही, अधिकार नाही, वरून परवानगी आणा, अशी शंभर कारणं मी ऐकली आहेत. पण गरोदर बाईच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण घेऊन सासू स्वतः दारात आली, तर तिला परवानगी आणायला पाठवणारा साहेब अजून जन्माला यायचा आहे. डॉक्टरसाहेब थोडे गडबडले, पण हो म्हणाले. सिस्टरने तर ऐकल्या ऐकल्या कुलपाची किल्ली शोधायला घेतली. तिनेही त्या खोलीसाठी वर कितीदा तरी विनवलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. एकटीचा आवाज पोहोचत नव्हता इतकंच.

हिरवी साडी मी घेतली. खालच्या शेठनी विचारलं, कोणासाठी? मी सगळी हकीकत सांगितली, तर त्यांनी दाखवायला काढलेली साडी परत घडी करून ठेवली आणि आतून चांगली जरीकाठाची काढली. "इन्स्पेक्टर दीदी, ये लेके जाओ. और बोलना, उल्हासनगर से वाधायूं." वाधायूं म्हणजे त्यांच्याकडे अभिनंदन. त्या दिवशी मी इन्स्पेक्टर या शब्दावर चिडले नाही.

आदल्या दिवशी खोली उघडली. आत औषधांची रिकामी खोकी, पोलिओचे जुने बॅनर, मोडक्या खुर्च्या आणि मधोमध बाळंतपणाचं टेबल, अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. बायकांनी दिवसभर बोरिंगवरून हंडे आणून खोली धुतली. नळ होते, बेसिन होतं, दोन्ही चकचकीत होतं, पण धुवायचं पाणी डोक्यावरून आणावं लागत होतं. हे त्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मंडळातल्या एकीने जाऊन बाहेरचा फलक मोठ्याने वाचला, पाण्याची सोय पूर्ण, आणि हंडा घेऊन परत आली. मला इतका आनंद झाला की मीही पदर खोचून झाडू घेतला.

झोपाळा टांगायला जागा नव्हती, म्हणून बायकांनी टेबलच झेंडूने सजवलं. सिस्टरने प्लास्टिक फाडलं, वर स्वच्छ चादर अंथरली आणि सुनेला हाताला धरून तिथे बसवलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, लाजून लाल झालेली. साधारणपणे गप्प असणारी पोर, पण त्या दिवशी टेबलावरून पाय हलवत सगळ्यांकडे बघत होती. कोणीतरी रीतीप्रमाणे दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी, जी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं. सिस्टरने त्या वाट्या हिसकावून घेतल्या आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. पेढा आणि बर्फी दोन्ही सरपंचांनी खाल्लं.

साहेब आले, इंजिनिअर आले. त्यांना मानाने खुर्च्या दिल्या. आणि मग सुरू झाले उखाणे. मंडळाने ते घरून तयार करून आणले होते, मला पत्ता लागू दिला नव्हता. एकेक बाई उठायची, नवऱ्याचं नाव घ्यायची आणि त्या आधीच्या ओळीत एकेक गोष्ट मोजून टाकायची. एकीने दिव्याचं विचारलं, एकीने रात्री सिस्टर कोण थांबणार ते विचारलं. थोरल्या सुनेचा उखाणा मला पाठ झाला. त्यात तिने नवऱ्याचं नाव घेतलं ते मी इथे गाळते.

"नळ आहे चकचकीत, पाण्याचा नाही पत्ता,
… ह्यांचं नाव घेते, साहेब, पाणी कधी आता?"

साहेब हसले. इंजिनिअरही हसले, जरा कमी. मी भिंतीला टेकून उभी होते आणि हसत नव्हते, कारण हसण्यावारी नेऊन सगळं तिथेच संपतं हे मी याआधी पाहिलेलं होतं. दोन गोड शब्द, एक आश्वासन, गाडीचं दार बंद. आणि पोरीला आठवा लागायला आला होता.

पंगत बसली. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, पुरणपोळी. साहेब मनापासून जेवले. उठले आणि सवयीने बेसिनकडे गेले. नळ फिरवला. नळातून नुसती हवा आली. दुसरा फिरवला, तोही तसाच. उष्ट्या हाताने ते तिथे उभे राहिले. खोलीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. मावशी तांब्या घेऊन पुढे आली आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने घातलं.

"साहेब, तुमच्या हाताला एक तांब्या लागला," ती म्हणाली. "बाळंतिणीला किती लागतील तेवढं सांगा. आमी डोक्यावर आणू."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. खरंच विचारत होती. साहेबांनी हात पुसले, टेबलावर बसलेल्या पोरीकडे पाहिलं आणि इंजिनिअरकडे वळले. इंजिनिअर म्हणाले, सर, काम पूर्ण झाल्याचं पत्र आमच्याकडे आलेलं आहे. त्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडेही तसंच आलं होतं. सही माझीच आहे. चला, बघू."

ते दोघे बाहेर गेले. मागून सगळं मंडळ गेलं, त्यांच्या मागून मी. इमारतीच्या मागे भिंतीतून पाइप बाहेर आला होता आणि चिखलात येऊन थांबला होता. पाण्याची लाइन रस्त्याच्या पलीकडून जात होती. दोघांची गाठच पडली नव्हती. एवढीशी गोष्ट! मला रडू का हसू ते कळेना. मावशी मात्र कंबरेवर हात ठेवून रस्त्याची रुंदी डोळ्यांनी मोजत होती.

काम सुरू झालं ते त्याच आठवड्यात, पण मी कोणाच्या शब्दावर विसंबणारी नाही आणि आता मंडळही विसंबणारं नव्हतं. बायकांनी पाळ्या लावल्या. चर खणायला माणसं आली की कोणीतरी तिथे जाऊन बसायचं. त्यांना चहा द्यायचा, आणि पाइप किती खोल जातोय ते बघायचं. मला सकाळी फोनवर फोटो यायचे, गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली खणलेला चर, सुविचाराखाली पाइपचा जोड. एका दुपारी पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं, तर मावशी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन पोहोचली. त्याच्या बायकोशी तिची आता चांगली मैत्री आहे. रात्रीसाठी दुसऱ्या सिस्टरची सोय साहेबांनी केली. त्यासाठी त्यांना वर भांडावं लागलं असं सिस्टरने मला गुपचूप सांगितलं. ऐकून मला साहेबांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. म्हटलं, चला, हाही चिडणाऱ्यांतलाच.

पोरीला कळा सुरू झाल्या तेव्हा मी अंबरनाथला वर्गात होते. मावशीचा फोन आला आणि पहिल्यांदाच ती ओरडून बोलली नाही. एवढंच म्हणाली की तिला चालत नेलंय, तुम्ही या. मी समोरच्या पालकांना तसंच सोडून खाली धावले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी रिक्षात बसून शिव्या दिल्या. मला भीती वाटत होती. नळाला आज पाणी असेल का, दिवे गेले तर काय, आणि शेवटच्या क्षणी सिस्टर म्हणाली की जमणार नाही, पुढे न्या, तर? असं झालं तर मी या बायकांना पुन्हा काय तोंडाने शिकवणार होते?

उपकेंद्राच्या ओट्यावर अख्खं मंडळ बसलं होतं. मावशी दाराला अगदी खेटून. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. आतून सिस्टरचा आवाज येत होता, पोरीचं कण्हणं येत होतं. मग आत कोणीतरी नळ सोडला. पाणी बेसिनमध्ये पडल्याचा आवाज स्पष्ट आला. थांबला. पुन्हा आला. मावशीने डोळे मिटले. पाणी पडतच होतं, आणि त्या आवाजातच बाळाचं रडणं ऐकू आलं.

मी मोठमोठ्याने रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. कोणीतरी मला पाणी आणून दिलं, कोणीतरी मिठी मारली, थोरली सून उड्या मारत होती.

काही वेळाने दार उघडलं. सिस्टर बाळाला गुंडाळून घेऊन दारात उभी होती. मुलगी होती. तिने ती मावशीपुढे धरली. मावशीने हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. आपल्या हातांकडे पाहिलं. मग नातीला न घेताच सिस्टरच्या बाजूने ती आत गेली, बेसिनपाशी उभी राहिली आणि तिने नळ सोडला. साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश हात धुतले. सिस्टर दारातून म्हणाली, "पुरे की मावशी, कितीदा धुवाल?"

"धुऊ दे गो," मावशी पाठमोरीच म्हणाली, आणि नळ तसाच चालू ठेवून तिने पुन्हा एकदा हात पाण्याखाली धरले.